इथिओपियाचें ताट आणि आपली ज्वारी

आपल्या मासिकांत बी, खत, कीड व बाजारभाव यांविषयीं लेख येतात. खाणावळींतील जेवणाचें वर्णन सहसा येत नाहीं, आणि तें न येणें हेंच योग्य आहे. तथापि गेल्या हिंवाळ्यांत दिल्ली मुक्कामीं एका परदेशीय खाणावळींत जेवण्याचा जो प्रसंग प्रस्तुत लेखकास आला, त्यांतून शेवटीं प्रश्न निघाला तो आपल्या दारव्हे तालुक्याच्या शेतीचा. म्हणून ही हकीकत सभासद बंधूंपुढें ठेवीत आहें. वाचकांनीं ती शेवटपर्यंत वाचावी, इतकीच विनंति.

माझा भाचा दिल्लीस नोकरीस आहे. त्याच्या ओळखीचे कांहीं इथिओपियन विद्यार्थी तेथें शिकत असल्यामुळें त्यांच्या देशाचें जेवण देणारी एक लहानशी खाणावळ त्यास ठाऊक झाली होती. तिकडे चलण्याचा त्यानें आग्रह केला तेव्हां मी आढेवेढे घेतले. घरीं माळकरी वळण. परक्या मुलखांतील ताटांत काय वाढतील याचा भरंवसा नव्हता. त्यावर तो म्हणाला, “मामा, काळजी करूं नका. त्या लोकांइतके उपास आपल्या आजीनेंही केले नसतील.” ही गोष्ट खरी निघाली. इथिओपियांतील जुन्या ख्रिस्ती पंथाचे लोक दर बुधवारीं व शुक्रवारीं, आणि ईस्टरच्या सणापूर्वीं सलग ५५ दिवस, मांस, अंडीं, दूध, तूप यांस शिवत नाहींत. वर्षाचे असे दिवस मोजले तर निम्म्याच्या घरांत जातात. त्यामुळें डाळी, भाज्या व तेलबिया यांचे पदार्थ करण्यांत तेथील बायकांचा हात फार बसलेला आहे. त्यांच्या उपासाला धान्य चालतें. आपल्याला मात्र घरची ज्वारी चालत नाहीं आणि अमेरिकेंतून आलेल्या कंदाचा साबुदाणा चालतो!

खाणावळ म्हणजे एका गल्लींतील दोन खोल्या. भपका कांहीं नाहीं. चार मेजें, भिंतीवर त्या देशाचा नकाशा, आणि कोपऱ्यांत कॉफी करण्याची मातीची काळी सुरई. मालकीण चाळिशीच्या आंतबाहेरची, डोक्यास पांढरें वस्त्र बांधलेली, मोडक्या पण स्पष्ट हिंदींत बोलणारी. तिनें प्रथम तांब्यानें आमच्या हातांवर पाणी घातलें. चमचे नाहींत, कांटे नाहींत. जेवायचें तें उजव्या हातानें. येथेंच माझा अर्धा संकोच गेला.

नंतर आलें तें ताट दोघांत एकच. हाताहून मोठी परात, तींत परातभर पसरलेलें एक मऊ, जाळीदार, किंचित् करड्या रंगाचें धिरडें, आणि त्यावर सभोंवार घातलेल्या सहा-सात प्रकारच्या आमट्या व भाज्या. ह्या धिरड्यास ‘इंजेरा’ म्हणतात. तेंच ताट, तीच पोळी, आणि शेवटीं रस मुरलेला तळाचा भाग तोच गोड घांस. बाजूस आणखी इंजेऱ्याच्या गुंडाळ्या ठेवलेल्या असतात. त्यांचा तुकडा मोडून त्यांत भाजी धरावयाची. चव आंबट. आपल्याकडील ज्वारीची आंबील ज्यानें प्यालेली आहे त्यास ती परकी वाटणार नाहीं.

पदार्थांची नांवें मीं कागदावर उतरून घेतलीं. मसुरीच्या डाळीची लाल तिखट आमटी ती ‘मिसिर वोत’. वाटाण्याच्या डाळीचें हळद घातलेलें सौम्य वरण तें ‘कीक अलिचा’. पालेभाजी ती ‘गोमेन’. कोबी, गाजर व बटाटा यांची एक भाजी. आणि मध्यभागीं वाढलेला दाट रस्सा ‘शिरो’. त्याचा पहिला घांस घेतल्याबरोबर मी भाच्याकडे पाहिलें, आणि तो हंसूं लागला. तें आपलें चून होतें! भाजलेल्या हरभऱ्याचें पीठ, कांदा, लसूण, तिखट व तेल. फरक इतकाच कीं त्यांच्या ‘बेर्बेरे’ नामक मसाल्यांत मिरचीबरोबर मेथ्या, ओंवा, सुंठ व त्या देशांतील एक प्रकारची वेलची असते, आणि कांदा प्रथम तेलावांचून कोरडाच परततात. वऱ्हाडांतील कोणत्याही शेतकऱ्यास डोळे मिटून तो पदार्थ दिला असतां तो भाकरच मागेल.

जेवतांना मालकिणीनें एक चाल दाखविली. इंजेऱ्यांत भाजी गुंडाळून तिनें तो घांस भाच्यास माझ्या तोंडांत घालावयास लावला. ह्यास ‘गुर्शा’ म्हणतात. पाहुण्यास, वडील माणसास, स्नेह्यास असा घांस द्यावयाचा. आपल्याकडे लग्नांत व लहान मुलांपुरती ही रीत उरली आहे. त्या गल्लींतल्या खाणावळींत मात्र शेजारच्या मेजावरील विद्यार्थी एकमेकांस सहज घांस देत होते.

जेवणानंतर कॉफी. हिरवें बी आमच्यासमोर तव्यावर भाजून, कुटून, त्या सुरईंत उकळून तीन फेऱ्यांत देतात. कॉफीचें झाड मूळचें त्याच देशांतील रानांतलें आहे.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. इंजेरा ज्या धान्याचा करतात तें धान्य ‘तेफ’. तें एका गवताचें बी असून खसखशीसारखें बारीक असतें. आपल्या बांधावर त्याच्या जातीचीं गवतें तण म्हणून उगवतात. इथिओपियाच्या शेतकऱ्यानें मात्र हजारों वर्षें निवड करून त्याचें अन्न बनविलें. बी इतकें बारीक असल्यामुळें जमीन अनेक वेळां नांगरून भुसभुशीत करावी लागते व पुष्कळ ठिकाणीं पेरणीपूर्वीं शेतांतून गुरें फिरवून ती दाबून घेतात. नांगर बैलजोडीचा, लांकडी, लोखंडी फाळाचा. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर. डोंगरपठारावर पुष्कळ जमीन आपल्यासारखीच काळी, पावसांत चिकट व उन्हाळ्यांत भेगाळणारी. आणि पाऊस सरल्यावर उरलेल्या ओलीवर तेथेंही हरभरा पेरतात. तेफाचा पेंढा गुरांस अतिशय आवडतो आणि तोच मातींत मिसळून घराच्या भिंती लिंपतात. दाणा माणसास, कडबा बैलास, उरलें तें भिंतीस. अशा पिकाची किंमत केवळ बाजारभावानें ठरत नाहीं.

तें ताट जसजसें मी पाहूं लागलों तसतसें त्यांतील निम्में आपल्याच शिवारांतील वाटूं लागलें. त्यास कारण आहे. रशियाचा वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह हा १९२७ सालीं त्या देशांत फिरला, आणि जगांतील पिकांच्या ज्या थोड्या मूळपीठिका त्यानें नोंदल्या त्यांत इथिओपियाची गणना केली. आपण कारळें किंवा खुरासणी म्हणून ज्याची चटणी खातों तें मूळचें तेथील पीक. तेथें त्यास ‘नूग’ म्हणतात व त्याचें तेल खाण्यांत वापरतात. जवस भाजून, कुटून तेही खातात. करडीचें बी वाटून त्याचा पांढरा रस काढतात व उपासाच्या दिवशीं त्यांत इंजेऱ्याचे तुकडे भिजवून खातात. नाचणीचें मूळ पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशांत सांगतात. आणि आपली ज्वारी? तीही सुदान-इथिओपियाच्या बाजूस माणसानें प्रथम लागवडीस आणली, व सुमारें चार हजार वर्षांपूर्वीं समुद्रमार्गें किंवा किनाऱ्याकिनाऱ्यानें आपल्याकडे आली, असें संशोधकांचें मत आहे. जिला आपण वऱ्हाडची माय म्हणतों ती अशी दूरच्या माहेरची आहे.

लाखोळीच्या डाळीचेंही तसेंच. अवर्षणांत जेव्हां कांहींच येत नाहीं तेव्हां लाख येते, म्हणून विदर्भांत ती गरिबाची व सालदाराची डाळ झाली. इथिओपियांतही ‘ग्वाया’ या नांवानें ती गरिबाचीच डाळ आहे. महिनोन्महिने तीच एक खाल्ल्यानें पाय लुळे पडण्याचा रोग दोन्ही देशांनीं पाहिला. आपल्याकडे १९६१ सालीं तिच्या विक्रीवर बंदी आली. दोष डाळीपेक्षां दारिद्र्याचा अधिक, कारण ताटांत दुसरें कांहीं असतें तर एकाच डाळीवर महिने काढण्याचा प्रसंग कोणावर आला नसता.

ह्या देशाशीं आपला संबंध केवळ बियांचा नाहीं. ‘हबशी’ हा शब्द आपल्याकडे पुढें हिणवण्यास वापरूं लागले. मुळांत तो देशवाचक आहे. त्या हबशाणांत १५४८ च्या सुमारास जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला एक मुलगा दख्खनेंत येऊन निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, तो मलिक अंबर. त्यानें १६१० सालीं खडकी वसविली, तेंच पुढें औरंगाबाद. १६२६ सालीं तो वारला व त्याची कबर खुलताबादेस आहे. ज्यानें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत घालविलें त्यास मलिक अंबराचें स्मरण लढायांपेक्षां धाऱ्यासाठीं अधिक होतें. मक्तेदारांस वसुली विकण्याची रीत मोडून, जमिनीची प्रत पाहून, गांवच्या पाटलामार्फत वसूल घेण्याची व्यवस्था त्यानें बसविली. सरकारचा भाग प्रथम पिकाच्या सुमारें दोन पंचमांश व पुढें रोखीनें सुमारें एक तृतीयांश असे, असें इतिहासकार लिहितात. जमीन न पाहतां धारा ठरवूं नये, हा धडा दख्खनेस ज्यांनीं घालून दिला त्यांत हा एक हबशी होता.

असो. जेवण संपल्यावर मीं मालकिणीस सहज विचारलें, “हें तेफ तुम्हांस दिल्लींत कोठें मिळतें?” ती म्हणाली, तेफ गांवाकडून कोणी आलें तर येतें, व तें महाग पडतें, म्हणून एरव्हीं ती त्यांत दुसरें पीठ मिसळते. कोणतें? तिनें आंतून मूठभर धान्य आणून माझ्या तळहातावर ठेवलें. ती पांढरी ज्वारी होती. तिच्या देशांत सखल भागांतील लोक ज्वारीचाच इंजेरा करतात, असेंही तिनें सांगितलें. दोन दिवस पीठ आंबवायचें, त्यांतील थोडें पाण्यांत शिजवून पुन्हां मूळ पिठांत घालायचें, म्हणजे धिरडें तुटत नाहीं व जाळी चांगली पडते. मग तापल्या खापरावर ओतून झांकण घालून एकाच बाजूनें भाजायचें. आंबवण म्हणून मागल्या पिठावरचें पिवळसर पाणी राखून ठेवावयाचें. हें सारें ऐकून मी म्हणालों, “ही ज्वारी आमच्या जिल्ह्याचें पीक आहे.” तिला फार आनंद झाला. तिनें लगेच विचारलें, “मग तुम्ही घरीं रोज हीच खात असाल?”

ह्या साध्या प्रश्नास मला उत्तर देतां आलें नाहीं. मी “होय” म्हणालों. तें खोटें होतें.

खरी गोष्ट अशी कीं, आमच्या घरीं भाकर आठवड्यांतून एखाद्या वेळीं होते, आणि तिचें पीठ बाजारांतून येतें. नोकरींत असतांना गांवोगांवच्या पीकपाहणीचा गोषवारा माझ्या हातांखालून जात असे. कापसाचा रकाना भरे, तुरीचा भरे, सोयाबीनचा रकाना वर्षागणिक फुगत जाई, व ज्वारीचा आटत जाई. मी बेरीज बरोबर आहे कीं नाहीं तेवढें पाहत असें. ज्या वर्षीं आमच्या स्वतःच्या पांच एकरांत ज्वारी पेरणें मीं बंद केलें, त्या वर्षीं त्याच गोषवाऱ्यांत माझाही एक आंकडा कमी झाला, हें तेव्हां मनांतही आलें नाहीं.

माझी आई वाणीच्या ज्वारीचें बी राखीत असे. ही ज्वारी हुरड्याची. दाणा गोड व मऊ. उभ्या पिकांत फिरून ती कणसें निवडी, तीं चुलीवरच्या आढ्यास धुरांत टांगी, आणि पेरणीपर्यंत कोणास हात लावूं देत नसे. ज्वारी बंद करण्याचें ठरलें तेव्हां ती इतकेंच म्हणाली, “पेरूं नकोस, पण दोन तास तरी बियाण्यासाठीं राहूं दे.” मीं तेंही केलें नाहीं. सोयाबीनच्या मध्यें दोन तासें ठेवणें अडचणीचें वाटलें. आढ्याचीं कणसें पुढें दोन वर्षें तशींच राहिलीं. मग भुंगा लागला आणि तीं चिमण्यांस टाकलीं. आतां आई नाहीं आणि तें बीही नाहीं. वाणीची ज्वारी अन्यत्र मिळत असेल. पण आमच्या जमिनींत, आमच्या पावसांत, पिढ्यान्‌पिढ्या निवडलेलें जें होतें, तें कोणत्याही दुकानांत विकत मिळावयाचें नाहीं.

इथिओपियानें असा घाला आपल्याहून मोठ्या प्रमाणांत सोसला आहे. १९८४-८५ च्या दुष्काळांत तेथें लक्षावधि माणसें मेलीं, आणि जगण्यासाठीं लोकांनीं घरचें बियाणेंही खाल्लें. त्या देशांत १९७६ सालीं स्थापन झालेली एक बियांची पेढी होती. तिचे संचालक मेलाकू वोरेडे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गांवोगांव हिंडून शेतकऱ्यांचीं जुनीं वाणें गोळा केलीं, व पुढें तीं शेतकऱ्यांच्याच हातून शेतांत वाढवून राखण्याची पद्धत घालून दिली. १९८९ सालीं त्यांस ‘राइट लाइव्हलीहुड’ हा जागतिक पुरस्कार मिळाला. आपल्याकडेही हें अशक्य नाहीं. अकोले तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे ह्या शाळेंत न गेलेल्या बाईनें शेकडों देशी वाणें मडक्यांत राखून बियाण्यांची पेढी उभारली, व सरकारनें २०२० सालीं पद्मश्री देऊन तिचा गौरव केला.

येथें कोणी म्हणेल, ज्वारी सोडण्यास शेतकऱ्यानें कांहीं कारणाशिवाय सुरुवात केली काय? मुळींच नाहीं, आणि हीं कारणें लपवून उपदेश करणें अप्रामाणिकपणाचें होईल. खरीप ज्वारी काढणीस आली कीं परतीचा पाऊस येतो व दाणा काळा पडतो. काळ्या ज्वारीस भाव नाहीं. रानडुकरें व पांखरें यांचा उपद्रव आहे. कापणीस, कणसें खुडण्यास व कडबा बांधण्यास माणूस मिळत नाहीं. स्वस्त धान्याच्या दुकानांत गहूं-तांदूळ मिळूं लागल्यावर गरिबाचीही चूल पालटली. पण उलट बाजूही मांडली पाहिजे. ज्वारी गेली तसा कडबा गेला; कडबा गेला तशी गोठ्यांतील दावण रिकामी झाली; दावण गेली तसें शेणखत गेलें. कापूस व ज्वारी यांची जुनी फेरपालट मोडली. आणि शेतांत खाण्याचें कांहींच नसल्यामुळें, कापूस-सोयाबीनचा भाव पडला कीं त्याच दिवशीं घरांत धान्याचीही अडचण उभी राहते. आपल्या जिल्ह्यांतील किती कर्त्या पुरुषांनीं कर्जापायीं जीव दिला हें वाचकांस सांगावयास नको. ज्वारीनें तें सर्व टळलें असतें असें मी म्हणत नाहीं. पण कणगींत चार पोतीं धान्य असलेल्या घराचा धीर निराळा असतो, इतकें म्हणण्यास वडीलकीचा अधिकार पुरेसा आहे.

म्हणून संघाच्या सभासदांपुढें कांहीं सूचना ठेवतों. पहिली, प्रत्येकानें निदान अर्धा एकर ज्वारी घरच्या खाण्यासाठीं व कडब्यासाठीं पेरावी. शेजारच्या पांच-सहा जणांनीं एकाच शिवारांत लागून पेरल्यास राखण वांटून घेतां येते. दुसरी, दाण्याच्या बुडाशीं काळा ठिपका दिसूं लागला म्हणजे दाणा पक्व झाला असें समजावें. त्यापुढें कणीस उभें ठेवून पावसाची वाट न पाहतां कापून वाळवावें, म्हणजे काळें पडण्याचें नुकसान बरेंच टळतें. ज्यांस ओलीची सोय आहे त्यांनीं रब्बींत दादर करून पाहावी. तिसरी, बांधाच्या कडेनें कारळ्याचीं दोन तासें टाकावीं. गुरें त्यास सहसा तोंड लावीत नाहींत, मधमाशा येतात, आणि घरच्या चटणीची सोय होते. चौथी, ज्यांच्या घरीं जुन्या वाणाचीं कणसें अद्याप आढ्यास असतील त्यांनीं तें मूठभर बी संघाकडे आणून द्यावें, व संघानें तें दोन-तीन निरनिराळ्या सभासदांच्या शेतांत वाढवावें. २००१ च्या कायद्यानें शेतकऱ्यास आपलें बी राखण्याचा, पेरण्याचा व एकमेकांस देण्याचा हक्क आहे. जुन्या वाणाची नोंदही करतां येते.

पांचवी सूचना घरांतील माउल्यांस आहे. ज्वारीचें पीठ दोन दिवस आंबवून वर सांगितल्याप्रमाणें धिरडें करून पाहावें, आणि त्यावर चून वाढावें. आमच्या घरीं करून पाहिलें. पहिल्या दिवशीं तें तव्यास चिकटलें. पिठाचा भाग शिजवून घातल्यावर दुसऱ्या खेपेस साधलें. जो नातू भाकर पाहून नाक मुरडतो त्यानें तीन मागून खाल्लीं. आंबील म्हटली असती तर त्यानें ताटही ओढलें नसतें.

संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरडधान्याचें म्हणून पाळलें. सभा झाल्या, फलक लागले. त्या फलकांहून, त्या बाईनें माझ्या तळहातावर ठेवलेली मूठभर ज्वारी मला अधिक बोलकी वाटली. आपल्या देशापासून दूर, परक्या शहरांत, स्वतःचें धान्य मिळत नाहीं म्हणून ती आपल्या धान्यावर आपली चूल राखीत आहे. आणि आपण आपल्याच शिवारांत बसून तें धान्य विसरलों.

येत्या मृगांत अर्धा एकर ज्वारी पेरण्याचा मीं निश्चय केला आहे. वाणीचें बी कोणा सभासदाकडे असल्यास त्यानें कृपा करून पायलीभर द्यावें. पीक आल्यावर दुप्पट परत करीन, आणि पुढें दोन तासें बियाण्यासाठीं दर वर्षीं राखीन.